बरोबर जाणारे लेणे

एक जुने छायाचित्र आहे. भिंतीवर माणसांची वाळवून जतन केलेली मस्तके ओळीने मांडलेली, आणि त्यांच्यापुढे एक निवृत्त ब्रिटिश सेनाधिकारी शांतपणे बसलेला. त्या मृत चेहऱ्यांवर वळणावळणाच्या सुंदर रेषा कोरलेल्या आहेत. ते छायाचित्र पाहिल्यापासून एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. एखाद्या गोष्टीवर प्रेम करणे आणि तिचा मान राखणे, ही दोन्ही एकच का?

त्या अधिकाऱ्याचे नाव होरेशियो रॉब्ली. १८६४ साली तो सैन्याबरोबर न्यूझीलंडला गेला आणि माओरींच्या गोंदणाने, म्हणजे 'मोको'ने, भारावला. त्याने त्याची असंख्य रेखाटने केली, १८९६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे प्रेम खोटे नव्हते. तरीही त्याने पस्तीसच्या आसपास मस्तके जमवली.

पॉलिनेशियात गोंदणे ही हौस नव्हे. इंग्रजीतला 'टॅटू' हा शब्दच तिकडच्या 'तताऊ'वरून आला. सामोआत पुरुषाला कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदतात. हाडाची दातेरी फणी लहान दांडक्याने ठोकत हे काम कित्येक दिवस चालते आणि आप्तेष्ट जवळ बसून धीर देतात. वेदना सोसवेना म्हणून कोणी अर्ध्यातून उठला, तर लाज एकट्याची नसते, साऱ्या घराण्याची असते. म्हणजे कातडी माझी, पण तिच्यावरची खूण माझ्या एकट्याची नाही.

माओरींचा मोको तर माणसाचे कूळ आणि प्रतिष्ठा सांगतो. १८२० च्या दशकात ते पेही कुपे नावाचा सरदार इंग्लंडला गेला होता. त्याने आरशात न पाहता आपल्या चेहऱ्यावरच्या रेषा कागदावर जशाच्या तशा उतरवल्या. त्याच्या लेखी ते चित्र नव्हते, ते त्याचे नाव होते.

मस्तके जतन करण्याची चाल माओरींचीच. आप्तांची मस्तके शोकासाठी जपत, शत्रूंची हेटाळणीसाठी. पुढे गोऱ्या संग्राहकांची मागणी वाढली आणि मस्तकांच्या बदल्यात बंदुका मिळू लागल्या. विकणारेही माओरीच होते, हे नाकारून चालणार नाही. पण शेजारच्या टोळीकडे बंदूक आलेली असताना आपल्याकडे ती नसणे म्हणजे मरण होते. एकाला जीव वाचवायचा होता, दुसऱ्याला कपाट सजवायचे होते. दोघांना एकाच तागडीत घालणे मला जमत नाही. १८३१ साली न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरने या व्यापारावर बंदी घातली. रॉब्लीचा बहुतेक संग्रह पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने विकत घेतला. ती मस्तके मायदेशी परतली, ती थेट २०१४ साली.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणत, सोनेनाणे सारे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते. त्या मस्तकांच्या नशिबी तेही आले नाही. जे बरोबर जायचे, तेच भिंतीवर राहिले.

मग परक्याने ही कला पाहूच नये का? असे मला वाटत नाही. रॉब्लीची रेखाटने आजही मोलाची आहेत. माओरींनी स्वतःही एक वाट ठेवली आहे. कुळाचा अर्थ नसलेल्या, कोणालाही काढून घेता येणाऱ्या नक्षीला ते 'किरितुही' म्हणतात. मोको मात्र कुळाचा. आपल्या शहरांतही तरुण मुले हौसेने पॉलिनेशियन नक्षी दंडावर मिरवतात. त्यांना रागवावे असे मला वाटत नाही. एवढेच विचारावेसे वाटते, की बाळ, ही नुसती नक्षी आहे, की कोणाच्या तरी आजोबांचे नाव?

ते पेही कुपेने आपल्या रेषा आपल्या हाताने दिल्या. भिंतीवरच्या त्या पस्तीस जणांना कोणी विचारलेच नाही. प्रेम आणि मान यांच्यातले अंतर मला या एका विचारण्यात दिसते.