ठोकळा मानलेली माणसं

मी मेकॅनिकल डिझाइनचं काम करतो. सॉलिडवर्क्समध्ये काही भाग जोडून एक सब-असेंब्ली केली आणि ती मोठ्या यंत्रात आणली, की सॉफ्टवेअर तिला आपणहून ‘रिजिड’ धरतं. हायड्रॉलिक सिलिंडर घ्या. स्वतःच्या फाइलमध्ये त्याचा रॉड छान आत-बाहेर सरकतो. एक्सकॅव्हेटरच्या असेंब्लीत आणला, की तोच रॉड जागचा हलत नाही. हलवायचा तर त्या सिलिंडरला मुद्दाम ‘फ्लेक्सिबल’ करावं लागतं.

यामागे कारण आहे. मोकळ्या वस्तूला 6 प्रकारे हलता येतं: 3 दिशांना सरकणं आणि 3 अक्षांभोवती फिरणं. शेकडो भागांच्या अशा हालचालींचा हिशेब दर वेळी करायचा, तर कॉम्प्युटर रांगायला लागतो. म्हणून आतलं हलणं विसरून अख्ख्या गटाला एक ठोकळा मानायचं.

माणसांच्या बाबतीत आपण हेच करतो. “आई काय, घरीच असते.” “ऑपरेटर करेल ॲडजस्ट.” प्रत्येकाच्या आतली घालमेल मोजत बसलो, तर कुठलंच काम उरकणार नाही. त्यामुळे ठोकळा मानणं हेच मुळात चूक, असं मी म्हणणार नाही. मला प्रश्न पडतो तो पुढचा: या सोयीची किंमत कोण मोजतं?

रॉड आत असतानाच भाग एकमेकांत घुसतात का हे तपासलं, तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. पूर्ण बाहेर आलेला रॉड कशावर आदळतो, हे शॉप फ्लोअरवर कळतं. तिथे डिझायनरचा नाही, ऑपरेटरचा हात असतो. घरातही आईला गृहीत धरून सगळ्यांच्या सुट्ट्या ठरतात आणि तिचं माहेरी जाणं दरवर्षी पुढे ढकललं जातं.

एकाच सिलिंडरच्या दोन प्रती फ्लेक्सिबल केल्या, तर एकीचा रॉड आत आणि दुसरीचा बाहेर राहू शकतो. ‘ऑपरेटर’ हा हुद्दाही एकच असतो. त्यावरची दोन माणसं एकाच अवस्थेत नसतात.

सगळ्यांनाच फ्लेक्सिबल ठेवणं ना मशीनला झेपतं, ना आपल्याला. पण ज्याच्या हलण्यावर आपला बेत उभा आहे, त्याला तरी ठोकळा मानू नये. त्याला आधी विचारावं, आणि उत्तर अडचणीचं आलं तर बेत बदलावा.