सौदा झाल्यावर वाढलेला भाव

ऑस्ट्रेलियातील एका गृहस्थाने आपले जुने विमान ईबे या संकेतस्थळावर लिलावाला ठेवले होते. विमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, ‘विरावे’ जातीचे. दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या खाली ते द्यायचे नाही, असे त्याने ठरवले होते. मुदत संपता संपता एकाने बरोबर तेवढीच बोली लावली आणि त्याच्यावर कोणी बोलले नाही. पण मालकाने विमान द्यायला नकार दिला. बाहेरच्या एका गिऱ्हाइकाला ते एक लाख डॉलर जास्त घेऊन द्यायचे त्याने कबूल केले होते. प्रकरण कोर्टात गेले. २००७ साली न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, विमान लिलावात ठरलेल्या किमतीलाच बोली जिंकणाऱ्याला द्यावे.

कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. विवेकबुद्धीचा मिटला का? मालकाचे म्हणणे आपल्यापैकी पुष्कळांना पटेल. वस्तू माझी, पैसे अजून घेतलेले नाहीत, समोरच्याचा एक पैसाही बुडाला नाही, मग मी त्याचे वाईट काय केले? आणि हातातले लाख डॉलर कोण सोडतो?

याचे उत्तर देण्यापूर्वी लिलाव म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे हातोडा पडला, की विक्री पूर्ण होते. तोपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही. संगणकावरच्या लिलावात हातोडा नसतो, घड्याळ असते. पण काम तेच. आणि लिलाव करायचा हे विकणाऱ्यानेच ठरवलेले असते. ठराविक भाव सांगून तो वस्तू विकू शकला असता. तसे न करता त्याने चार जणांना बोलावले, कारण बोली आपल्या अपेक्षेच्या वर जाईल अशी त्याला आशा होती. बोली वर गेली असती, तर ‘एवढे नको, थोडे कमी द्या’ असे तो म्हणाला असता का? भाव चढला तर माझा आणि पडला तर सौदाच नाही, असा लिलाव नसतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दिलेल्या शब्दाचा विचार केला आहे. शब्द देताना तो पाळायचा हेतू असेल, तर नंतर तो न पाळणारा माणूस खोटारडा ठरत नाही, पण दिल्या शब्दाला बेइमान ठरतो. त्याला दोन सवलती ते देतात. वचन दिलेली गोष्टच वाईट असेल तर, किंवा माणसांची आणि व्यवहाराची परिस्थिती पालटली असेल तर. ही दुसरी सवलत फार सैल वाटते. भाव वाढला, म्हणजे परिस्थिती पालटलीच की! पण लिलावात भाव अनिश्चित असतो हे दोघेही पहिल्यापासून जाणून असतात. जे आधीच गृहीत धरले होते, ते घडले म्हणून परिस्थिती पालटली असे मला तरी म्हणवत नाही. मधल्या काळात वस्तू चोरीला गेली, जळाली, विकणारा अंथरुणाला खिळला, तर गोष्ट वेगळी. पंधराव्या स्तोत्रात परमेश्वराच्या मंडपात कोण राहील याची जी यादी आहे, तिच्यात नुकसान सोसूनही शपथ न मोडणारा माणूस आहे.

याहून अवघड प्रकरण जर्मनीतले आहे. एकाने आपली फोक्सवागन पसाट गाडी ईबेवर अवघ्या एक युरोपासून लिलावाला काढली. बाहेर कोणीतरी ४,२०० युरो द्यायला तयार झाल्यावर त्याने लिलाव मध्येच बंद केला. तेव्हा एकच बोली आलेली होती, एक युरोची. २०१४ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले की, करार झालेला आहे. गाडीची किंमत ५,२५० युरो, तेव्हा ५,२४९ युरो भरपाई द्या. एवढ्या खालून सुरुवात करण्याची जोखीम विकणाऱ्याने स्वतः घेतली होती. निकाल मला योग्य वाटतो. पण भरपाई घेणाऱ्याचे अभिनंदन करावेसे वाटत नाही. पुढे त्या देशात असे मोडलेले लिलाव शोधत फिरणारे लोक निघाले. वस्तू नको, फक्त दावा हवा. त्यांना तिथे ‘शिकारी’ म्हणतात.

म्हणून खरेदीदाराचेही काही कर्तव्य आहे. विकणारा मागे सरला तर आधी कारण विचारावे. कारण खरे असेल तर दिलेले पैसे परत घेऊन सोडून द्यावे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने किमतीत एक शून्य कमी टाकले असेल, तर ती चूक पकडून ठेवण्यात पुरुषार्थ नाही. पण कारण केवळ जास्तीच्या पैशाचे असेल, तर गप्प बसणे ही क्षमा नव्हे. पुढच्या गिऱ्हाइकालाही तोच अनुभव येईल. संकेतस्थळाकडे तक्रार करावी, घडले तेवढेच अभिप्रायात लिहावे. ‘वाईट अभिप्राय देईन’ अशी धमकी घालून भाव पाडून घेणे मात्र त्याच रोगाची दुसरी बाजू आहे.

ईबेचे भारतातील दुकान २०१८ साली बंद झाले. तरी जुनी मोटारसायकल, फ्रिज, सोफा यांचे सौदे आज मोबाईलवर रोज होतात. ‘फायनल’ म्हणून फोन ठेवायचा आणि तासाभरात दुसऱ्याला द्यायचे, याला आपण चलाखी म्हणतो. देवळाच्या आवारात अर्पणाच्या कोंबड्याचा किंवा केळीच्या घडाचा लिलाव होतो, तिथे असे करायची कोणाची छाती होणार नाही, कारण सारे गाव बघत असते.

आणि या साऱ्यात एक तिसरा माणूस असतो, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सौदा झाला आहे हे ठाऊक असून जास्त पैसे पुढे करणारा. जागेचा दलाल जेव्हा आपल्याला हळूच सांगतो, ‘टोकन झालंय हो, पण तुम्ही लाखभर वाढवत असाल तर मालकाशी बोलून बघतो’, तेव्हा तो तिसरा माणूस आपणच असतो. मोह फक्त मालकाला पडतो असे नाही, आणि तिथे तर आपल्याला कोणतेही कोर्ट विचारणार नसते.