लँबो फील्ड आणि पवित्र जागेचा प्रश्न

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या शहरात पॅकर्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे लँबो फील्ड हे मैदान आहे. शहराची वस्ती जेमतेम लाखभर, मैदानातली आसने ८० हजारांहून अधिक. संघाला कोणी एक धनाढ्य मालक नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्याने विकताही येत नाहीत. ही गुंतवणूक कसली, ही तर वर्गणी! चाहते मैदानाला तीर्थक्षेत्र म्हणतात ते कितपत खरे, हा प्रश्न म्हणूनच उडवून लावण्याजोगा नाही.

मैदान १९५७ साली खुले झाले. त्याच वर्षी धर्माभ्यासक मिर्चा एलिआडे यांचा पवित्र आणि लौकिक यांच्यातील भेदावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. धार्मिक माणसाच्या लेखी सगळी जागा सारखी नसते, काही ठिकाणी पवित्र स्वतः प्रकट होते, असे ते मानत. एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच उलट बाजू मांडली होती : पावित्र्य वस्तूत नसते, जमलेला समूह आपलीच शक्ती तिच्यात पाहतो.

लँबो फील्डचा इतिहास दुर्खीम यांच्या बाजूने झुकतो. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये, जमीन गरम ठेवणारी यंत्रणा निकामी झालेली असताना, सुमारे ५० हजार लोक शेवटपर्यंत बसून राहिले. पॅकर्सनी डॅलस काउबॉइजना २१–१७ असे हरवले. मैदानाची कीर्ती त्या सोसण्यातून वाढली. पुढे हिरवळ बदलली, इमारतही २००३ पर्यंत जवळपास नवी झाली, तरी श्रद्धा ढळली नाही. मात्र खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तिथे जुन्या बोगद्याचे काँक्रीट मुद्दाम बसवले आहे. पावित्र्य केवळ मनात असते तर या तुकड्याची गरज काय? दुर्खीम यांचे उत्तर असे, की समूहाची भावना डोळ्यांना दिसेल अशा चिन्हावाचून टिकत नाही.

तरीही मैदानाला धर्मस्थळ म्हणणे अतिशयोक्तीच. मरण, पाप, दुःख यांविषयी त्याला काहीच सांगायचे नसते. १९५९ ते १९६७ या काळातले संघाचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी हे निष्ठावंत कॅथलिक होते. प्रार्थनेसाठी ते रोज चर्चमध्येच जात.