लघुलहरींवर मालकी कुणाची?

पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ होता. तरीही आपल्याच वसाहतीशी, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी, संपर्क ठेवायला त्याला ब्रिटिशांच्या समुद्री तारांवर विसंबावं लागे. ही परावलंबी अवस्था डचांना बोचत होती. म्हणून १९२३ मध्ये फेलुवेच्या माळरानावर कोटवाइक इथे दीर्घलहरींचं अवाढव्य केंद्र उभं राहिलं. त्याचे मनोरे दोनशे मीटरहून उंच होते, आणि काँक्रीटच्या भव्य इमारतीला लोक ‘कॅथीड्रल’ म्हणू लागले.

काही वर्षांतच लघुलहरींनी या डोलाऱ्याला मागे टाकलं. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात आणि कमी शक्तीतही हजारो किलोमीटर दूर पोचतात. मार्च १९२७ मध्ये आइंडहोफनच्या फिलिप्स प्रयोगशाळेतून, सुमारे ३० मीटर तरंगलांबीवर, ‘पीसीजेजे’ हे रेडिओ केंद्र बोलू लागलं. त्याच वर्षी राणी विल्हेल्मिना यांनी त्यावरून वसाहतीला उद्देशून भाषण केलं.

साम्राज्याला हवी होती स्वतःच्या मालकीची वाट. हाती आलं ते मात्र मालकी न जुमानणारं साधन. तारेवरचा संदेश तिच्या टोकाशी बसलेल्यालाच मिळतो. लघुलहरीवरचा आवाज ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याचा. डच श्रोत्यांसाठी सुरू झालेलं केंद्र जगभर ऐकलं जाऊ लागलं आणि निवेदक एडवर्ड स्टार्ट्झ त्यावरच्या ‘हॅपी स्टेशन’ या कार्यक्रमातून अनेक भाषांत बोलू लागले.

१९४० मध्ये जर्मनांनी देश बळकावला. आता राणी लंडनमध्ये होत्या आणि बीबीसीवरच्या ‘रेडिओ ओरान्ये’तून स्वतःच्याच पारतंत्र्यातल्या प्रजेशी बोलत होत्या. १९४३ मध्ये जर्मनांनी रेडिओ सरसकट जप्त करायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी ते घरात दडवून ठेवले. परक्या सत्तेखाली राहणं म्हणजे काय, हे डच माणसाला तेव्हा कळलं. १९२७ मध्ये ज्यांना उद्देशून राणी बोलल्या होत्या, त्यातल्या बहुसंख्यांचं जगणं मात्र कधीपासूनच तसं होतं, आणि उत्तर द्यायला त्यांच्यापुढे मायक्रोफोन नव्हता. ऑगस्ट १९४५ मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ती घोषणा रेडिओवरून बाहेर पडली.

या केंद्रांच्या इतिहासात मीटर, मनोरे आणि साल यांची नोंद हवीच. त्यामागचं तंत्रज्ञांचं कर्तृत्व मोठं आहे. पण बोलायची मुभा कुणाला होती आणि नुसतं ऐकणं कुणाच्या वाट्याला आलं, हेही त्याच पानावर लिहिलं पाहिजे. त्याशिवाय तो इतिहास अर्धाच राहील.