‘यांच्यापेक्षा’

मननाला बसण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ टेकवून बसा. दोन-तीन श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा. मग मनाला विचारा: गेल्या आठ दिवसांत मी स्वतःला कुणाच्या शेजारी उभे करून मोजले?

नाव लगेच आठवेल. कदाचित ती धाकटी जाऊ असेल, किंवा तुमच्याबरोबर नोकरीला लागून वरच्या जागेवर पोहोचलेला सोबती, किंवा उपासनेत उभी राहून न अडखळता प्रार्थना करणारी मैत्रीण. मला आठवते ती व्यक्ती गायन मंडळात माझ्या शेजारी उभी असते. तिचा आवाज सहज वर चढला की माझे लक्ष गीतावरून उडते. मग मी देवासाठी गात नाही, तिच्याशी बरोबरी करण्यासाठी गाते.

नाव आठवले म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ते ओंजळीत धरा आणि माझ्याबरोबर गालीलाच्या सरोवराकाठी चला.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय. पहाट होत आहे. सात शिष्यांनी रात्रभर जाळे टाकले, हाती काही लागले नाही. शिमोन पेत्र, थोमा, नथनेल आणि जब्दीचे मुलगे, एवढ्यांची ओळख आपल्याला मिळते. उरलेल्या दोघांची नावे शुभवर्तमान सांगतच नाही. या दोघांना लक्षात ठेवा.

काठावरून कुणीतरी हाक मारतो. नावेच्या उजव्या बाजूला जाळे टाका, म्हणतो. जाळे भरते. आता प्रत्येक जण काय करतो ते नीट पाहा. येशूची ज्याच्यावर प्रीती होती, ज्याला परंपरा योहान म्हणते, तो शिष्य सर्वांआधी प्रभूला ओळखतो. पेत्राला ते दुसऱ्याच्या तोंडून कळते. पण कळताच तो अंगरखा कमरेला गुंडाळून पाण्यात उडी टाकतो. आणि बाकीचे? ते माशांनी जड झालेले जाळे ओढत, सुमारे दोनशे हातांचे अंतर नावेतून येतात.

योहानाने ओळखले नसते, तर पेत्राने उडी कुणासाठी टाकली असती? आणि सगळ्यांनीच उड्या टाकल्या असत्या, तर 153 मासे भरलेले जाळे काठापर्यंत कुणी आणले असते?

इथे थांबा. घाई नाही. तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत तुम्ही यांपैकी कोण आहात? कोण व्हावेसे वाटते, ते आज बाजूला ठेवा. तुमच्या हातून सहज काय घडते, कोणत्या कामात तुम्हाला वेळेचे भान राहत नाही, लोक कशासाठी तुमच्या दाराशी येतात, तेवढेच पाहा.

काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. त्यावर मासळी आहे, शेजारी भाकर. पेत्राने असा विस्तव काही दिवसांपूर्वीच पाहिला होता, महायाजकाच्या वाड्यात. तिथे शेकत उभा असताना त्याने येशूला नाकारले. त्याच रात्री, त्याआधी, तो म्हणाला होता की बाकी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. त्याच्या निष्ठेची शपथही इतरांच्या पडण्यावर उभी होती. कोंबडा आरवेपर्यंत ती टिकली नाही.

न्याहारी झाल्यावर येशू त्याला विचारतो की यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस का. पेत्राचे उत्तर लक्ष देऊन ऐका. प्रीती आहे, हे प्रभूला ठाऊक आहे, एवढेच तो म्हणतो. ‘यांच्यापेक्षा’ हा शब्द तो उचलत नाही. पुढच्या दोन प्रश्नांत येशूही तो शब्द पुन्हा आणत नाही. उरते ती प्रीती, आणि तिच्या मागोमाग सोपवलेले काम: माझी मेंढरे राख. इतरांच्या वाट्याला किती मेंढरे आली, याचा उल्लेख नाही.

वाटते, पेत्राची तुलना इथे संपली. पण येशू त्याला त्याच्या मरणाविषयी सुचवतो, माझ्यामागे ये म्हणतो, आणि पेत्र मागे वळतो. येशूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य पाठोपाठ येताना दिसतो. लगेच प्रश्न: आणि याचे काय?

या प्रसंगाने मला नेहमी धीर दिला आहे. नुकतीच क्षमा मिळालेला, नुकतेच काम सोपवलेला माणूसही मागे वळून पाहतो. तुलना एकदा टाकली म्हणजे कायमची सुटत नाही. ती पुन्हा दिसली की समजावे, आपली मान वळली आहे. पुढे चालणाऱ्या प्रभूवरची नजर हलली आहे.

येशू पेत्राच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्या शिष्याने मी येईपर्यंत राहावे अशी माझी इच्छा असली, तरी ती गोष्ट तुझी नाही, असे सांगून तो पुन्हा मागे येण्यास बोलावतो. या वेळी मूळ ग्रीक वाक्यात ‘तू’ हा शब्द वेगळा, जोर देऊन येतो. मराठीतही ‘ये’ म्हटले की पुरते. ‘तू ये’ म्हटले की घोळक्यातला एकच माणूस मान वर करतो. पाचारण म्हणजे हा ‘तू’. तो दुसऱ्याच्या नावाने आपल्याला ऐकू येत नाही.

परंपरा सांगते की पेत्र रोममध्ये शहीद झाला आणि योहान इफिसात म्हातारा होऊन वारला. दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या, की कुणाचे बरे झाले हे कोणत्या मापाने ठरवावे?

आपल्याकडची लक्ष्मीबाई टिळकांची वाट आठवते. घरात नारायण वामन टिळकांसारखा कवी. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. स्वतःच्या मनाला पटल्यावर, काही वर्षांनी, त्या आपल्या पावलांनी प्रभूकडे आल्या. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. तरी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, तीही माजघरात बोलावी तशा मराठीत. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी पुढे नेले. आज ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांशी त्यांची तुलना करावी असे मनातही येत नाही. ते पुस्तक त्यांनाच लिहिता आले असते.

आता पुन्हा श्वासाकडे या. ओंजळीतले ते नाव अजून आहे ना? त्या व्यक्तीला देवाने जे दिले आहे, त्यातली एक गोष्ट ठरवून उच्चारा आणि तिच्यासाठी आभार माना. जड जाईल. मलाही जड जाते. तरी माना, आणि ते नाव विस्तवाजवळ, प्रभूच्या बाजूला ठेवा. तिथे ते सुरक्षित आहे.

हात रिकामे झाले. या हातांनी उद्या करायचे एक काम आठवा. आजारी शेजारणीला पेज नेऊन देणे असेल, संडे स्कूलच्या धड्याची तयारी असेल, हिशेबाची वही पूर्ण करणे असेल. ते काम डोळ्यांसमोर धरून थोडा वेळ शांत बसा.

आणि शेवटी त्या दोघा बिननावाच्या शिष्यांकडे पाहा. त्यांनी प्रभूला आधी ओळखल्याची नोंद नाही, उडी टाकल्याची नाही. पण त्या पहाटे येशूने भाकर घेऊन शिष्यांना दिली, तशीच मासळीही दिली, तेव्हा ते दोघे विस्तवाजवळ बसले होते. भाकर त्यांनाही त्याच हातांनी मिळाली.

प्रभू येशू, माझी मान पुन्हा पुन्हा मागे वळते, हे तुला ठाऊक आहे. ‘यांच्यापेक्षा’ हा शब्द माझ्या प्रार्थनेतून काढून घे. तू मला जे सोपवले आहेस तेवढे मला दाखव, आणि तुझ्यामागे चालव. आमेन.