उतरणे आणि राहणे

प्रवाशाला आपण विचारतो, "कुठे उतरलात?" आणि नव्याने ओळख झालेल्या माणसाला विचारतो, "कुठे राहता?" रात्री छपराखाली पाठ टेकणे दोन्हीकडे सारखेच, तरीही आपल्या भाषेने त्यासाठी दोन शब्द राखले आहेत. ज्या शहरात वर्षानुवर्षे राहिलो, तिथेच पुढे पैसे मोजून उतरण्याची वेळ येते, तेव्हा या दोन शब्दांमधले अंतर जाणवू लागते. रस्ते ओळखीचे असतात, स्थानकांची नावे पाठ असतात. पण आपण आलो काय अन् न आलो काय, कुणाचे काही अडत नाही. हे अंतर नेमके कशाचे आहे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव या प्रश्नाचा विचार करायला मदत करते. पर्जन्यछायेतले हे गाव. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगर उजाड झाले, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेली. 1989 साली तरुण पोपटराव पवार यांच्याकडे गावाचा कारभार आला. समतल चर खोदले गेले, पाझर तलाव झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, दारूबंदी आणि श्रमदान हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. शेतीसाठी कूपनलिका नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही. पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिके ठरवायची. पाणी टिकले, आणि गेलेली कित्येक कुटुंबे परतली. पवार यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

आता कल्पना करा, अशा परतलेल्या एखाद्या शेतकऱ्याला कामानिमित्त एक रात्र मुंबईत काढायची आहे. ज्या चाळीत तो राहिला, ती आज उभी असेलच असे नाही. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर 2021 मध्ये एक आगळेच हॉटेल सुरू झाले. त्यात खोल्या नाहीत. एकावर एक रचलेले 48 कप्पे आहेत. एका कप्प्यात एक माणूस झोपेल एवढी जागा, दिवा, आरसा आणि वातानुकूलित हवा. असे पहिले हॉटेल 1979 साली जपानमधील ओसाका शहरात निघाले. मुंबईच्या माणसाला मात्र एवढीशी जागा मुळीच नवी नाही. गिरणगावातल्या खोल्यांत पंधरा-वीस कामगार पाळीपाळीने अंथरूण वापरत. कप्प्यात त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक सोय आहे. तरी त्या खोलीत माणूस "राहत" होता आणि या कप्प्यात तो "उतरतो".

कारण, मला वाटते, असे आहे. आपण जिथे राहतो, तिथे इतरांचा आपल्यावर हक्क असतो. खोलीतला सोबती तापाने फणफणला, तर रात्री उठावे लागे. हिवरे बाजारात परतणाऱ्याला पाणी मिळाले, तसे श्रमदानाचे देणेही आले. स्वतःच्या मालकीच्या शेतातही मनास येईल ते पीक घेता येईना. हॉटेलात मात्र सारे हक्क आपले. भाडे चुकते केले की देणे संपले.

पण या विचाराची दुसरी बाजू टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाचे हक्क सर्वांवर सारखे कधीच नव्हते. ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे घर आणि पाणवठ्यावरचा अपमान आला, त्यांना शहरातील अनोळखीपणा हीच मुक्ती वाटली. पैसे घेऊन जात न विचारता जागा देणारे छप्पर, ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. म्हणून पथिकाश्रमाला कमी लेखू नये. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेतच घेऊन गेला. मात्र दोन दिनार देऊन तो मोकळा झाला नाही. अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन, असा शब्द त्याने दिला. उतरण्याच्या जागी त्याने स्वतःला बांधून घेतले.

मुंबईच्या धोबी तलाव भागातील गोवेकरांच्या "कुडी" आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असतील. एकेका गावाने चालवलेली ही वसतिस्थाने. बोटीवर काम करणारा खलाशी दोन सफरींमध्ये तिथे अल्प खर्चात पथारी टाकी. भिंतीलगत ट्रंका, एका बाजूला गावच्या पालक संताची वेदी, आणि सायंकाळी रोझरीला हजेरी. परक्या शहरात गावाने त्याच्यावरचा आपला हक्क सोडला नाही. म्हणून चार दिवसांचा पाहुणाही तिथे राहत असे.

म्हणजे राहणे हे जागेच्या आकारावर अवलंबून नाही, मुक्कामाच्या दिवसांवर नाही आणि सातबाऱ्यावरही नाही. स्वतःच्या मालकीच्या सदनिकेत वीस वर्षे काढून, शेजारच्या दारामागे कोण आजारी आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो तिथे फार तर उतरला आहे. जुन्या शहरातील हॉटेलात आपल्याला जे बोचते, ते बहुधा हरवलेले घर नसते. इथे आपल्याकडून कुणालाच काही मागायचे उरले नाही, ही ती जाणीव असते. तिच्यावर उपाय जुने पत्ते शोधत फिरण्यात नाही. आज आपण जिथे आहोत, त्या गल्लीत, त्या धर्मग्रामात आपल्या दारावर हक्काने थाप मारू शकतील अशी किती माणसे आहेत, हे मोजून पाहावे. त्या मोजणीत ज्याचे उत्तर शून्य येईल, त्याने आपला पत्ता सांगताना "राहतो" हा शब्द जरा जपून वापरावा.