दोन कानांची शिस्त

हॅम रेडिओवर मोर्स ऐकणाऱ्याची खरी परीक्षा होते ती पाइल-अपमध्ये. दुर्मीळ बेटावरचं एखादं स्टेशन सुरू झालं की जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, एकाच वेळी त्याला हाका घालू लागतात. या गलक्यात आपलेच संकेत बुडू नयेत म्हणून ते स्टेशन एका फ्रिक्वेन्सीवर बोलतं आणि तिच्या काही किलोहर्ट्झ वर ऐकतं. दोन रिसीव्हर असलेला हॅम तेव्हा डाव्या कानात ते स्टेशन लावतो, उजव्या कानात हाकांची गर्दी. डावीकडे ज्याचा कॉल साइन, म्हणजे ओळखसंकेत, आला, त्याचं उत्तर उजवीकडे नेमकं कुठे उमटलं, हे तो हुडकतो. काही वेळा ते सापडलं, की समोरचा ऑपरेटर कोणत्या बाजूला सरकतोय याचा अंदाज येतो. मग शंभर वॉटची हाकसुद्धा किलोवॉटवाल्यांच्या आधी पोचू शकते.

160 मीटर बँडवर हेच दोन रिसीव्हर वेगळ्या कामाला येतात. आयनांबरातून अनेक वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. पण एका अँटेनावर संकेत विरतो तेव्हा दूरच्या दुसऱ्या अँटेनावर तो बहुधा शाबूत असतो. हॅरल्ड बेव्हरेज आणि एच. ओ. पीटरसन यांनी 1920च्या दशकात आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या लाँग आयलंडवरील रिव्हरहेड केंद्रात याच तत्त्वावर यंत्रणा उभारली. त्यांनी रिसीव्हरांचे संकेत यंत्रातच एकत्र केले. हॅम मात्र एकेक अँटेना एकेका कानाला देतो आणि जुळणी मेंदूवर सोपवतो. दोन्ही कानांतला गोंगाट निरनिराळा, सूर मात्र तोच. म्हणून तो गोंगाटातून सुटा होऊन ऐकू येतो.

मला महत्त्वाची वाटते ती ही सोपवणूक. एरवी गोंगाटावरचा उपाय म्हणजे रिसीव्हरचा फिल्टर. तो अरुंद केला की गोंगाट घटतो, पण फार आवळला तर मोर्सचे डिट-डा एकमेकांत मिसळतात आणि शेजारचा क्षीण संकेत कायमचा बाहेर राहतो. काय नको, हे फिल्टर आधीच ठरवून टाकतो. दुसरा रिसीव्हर काहीच वगळत नाही, तो आणखी एक साक्ष पुढे ठेवतो. निवाडा ऐकणाऱ्याचाच राहतो.

गोंगाट वाढला की आपण बहुतेक वेळा ऐकण्याचा परीघच आवळतो आणि त्या शांततेला स्पष्टता समजतो. खरी स्पष्टता अधिक ऐकून, त्यातलं नेमकं ओळखण्यातून येते. ही शिस्त सरावाने अंगी बाणते, म्हणून नवशिक्या हॅमच्या हाती मोर्स-की देण्याआधी त्याला भरपूर ऐकू द्यावं.